वायफायची रेंज फुल, पण नेट बंद: कंपनीच्या डबीमागे स्वतःचा राउटर लावल्यावर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

फोनवर वायफायची रेंज फुल दिसते, पण नावाखाली ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असं येतं. सकाळी सगळं नीट चालतं. दुपारी घरातल्या दोन फोनवर नेट बंद पडतं आणि तिसऱ्यावर त्याच वेळी व्हिडिओ सुरू असतो. वायफाय बंद-चालू केलं की कधी सुरू होतं, कधी नाही. लाइट जाऊन आली की हमखास बोंब. लॅपटॉपवरून प्रिंट निघते, पण फोनला तोच प्रिंटर सापडत नाही. राउटरचं पान उघडायला जावं, तर भलतंच पान उघडतं. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण एखादी साइट अर्धवट उघडून अडकून बसते. आणि पॅक २०० एमबीपीएसचा असला तरी स्पीड ९४-९५ च्या वर सरकत नाही.

ही सगळी लक्षणं एकाच प्रकारच्या जोडणीत दिसतात. भिंतीवर नेट कंपनीने लावलेली फायबरची डबी, म्हणजे ओएनटी. तिचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर तिला जोडलेला. फ्लॅट, दवाखाने, क्लासेस, छोटी दुकानं, सगळीकडे हीच जोडणी मी दुरुस्त करत आलो आहे, आणि कारणही बहुतेक वेळा एकच निघतं. कंपनीची डबीसुद्धा स्वतः एक राउटरच असते. म्हणजे घरात दोन राउटर झाले, पण घरातलं नेटवर्क त्यातल्या कोणी चालवायचं हे ठरलेलंच नसतं. दोघेही फोन-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी पत्ते) वाटत बसतात. दोन्ही राउटर धडधाकट असतात, म्हणून तिसरा राउटर विकत आणूनही अडचण तशीच राहते.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून अवघडकडे जातात. क्रम मोडू नका (अपवाद एकच, तो सहाव्या तपासणीत सांगितला आहे). वरची पायरी न तपासता खालची केली, तर काय बदललं म्हणून नेट सुरू झालं हेच कळत नाही आणि आठवड्याने तीच अडचण परत येते.

आधी एक गोष्ट: रीसेट दाबू नका

बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं. ते दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. त्यात तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेट कंपनीने भरलेलं पीपीपीओईचं (कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्डही जातो. तो बहुतेकांकडे लिहून ठेवलेला नसतो. मग किरकोळ कारणाने बंद पडलेलं नेट कंपनीचा माणूस येईपर्यंत पूर्ण बंद राहतं. डबीवरचं रीसेटचं भोक तर अजिबातच दाबू नका.

त्याऐवजी मोबाइल काढा आणि दोन्ही डब्यांचे मागून-पुढून फोटो घ्या. कोणती वायर कोणत्या भोकात आहे, खालच्या स्टिकरवर काय लिहिलं आहे आणि पुढचे कोणते दिवे लागले आहेत, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. पुढे काही विस्कटलं तर हेच फोटो कामाला येतात.

पहिली तपासणी: लाइट, ॲडॅप्टर आणि चालू करण्याचा क्रम

दोन्ही डब्या बंद करा. दोन मिनिटं थांबा. आधी फक्त कंपनीची डबी चालू करा आणि तिच्यावरचा ‘पॉन’ असं लिहिलेला दिवा हिरवा होऊन स्थिर होईपर्यंत वाट बघा. याला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. त्यानंतरच आपला राउटर चालू करा.

क्रमाचं कारण असं. लाइट आली की दोन्ही एकदम सुरू होतात, पण आपला राउटर डबीच्या आधी तयार होतो. त्याला पलीकडून पत्ता मिळत नाही. चांगले राउटर पुन्हा पुन्हा मागत राहतात, काही स्वस्तातले मात्र अडकून बसतात. आणखी एक कारण पीपीपीओईचं. त्यात राउटर कंपनीच्या सर्व्हरवर नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करतो. लाइट अचानक गेली की ‘मी निघतो’ असं सांगायला त्याला वेळच मिळत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने जुनं लॉगिन काही मिनिटं जिवंतच असतं, आणि एका खात्यावर एकच लॉगिन चालत असेल तर नवं नाकारलं जातं. म्हणून लाइट आल्यावर पाच-दहा मिनिटं काहीही न करता थांबणं हाही इलाजच आहे. त्या दहा मिनिटांत लोक रीसेट दाबतात, ते टाळा.

आता ॲडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचा. बऱ्याच डब्या १२ व्होल्टच्या असतात, काही छोटे राउटर ९ व्होल्टचे. दोघांची पिन बहुधा सारख्याच मापाची असते, त्यामुळे साफसफाई करताना किंवा कपाट हलवताना अदलाबदल होते. १२ ची डबी ९ व्होल्टवर एक तर सुरूच होत नाही किंवा मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होते. ९ चा राउटर १२ वर लावला तर जळू शकतो. डबीच्या स्टिकरवरचा आणि ॲडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा सारखाच हवा. अँपिअरचा आकडा ॲडॅप्टरवर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. जुना ॲडॅप्टर आतून थकला तरी हेच होतं. दिवे लागतात, पण चार-पाच जण एकदम वायफायवर आले की राउटर दम टाकतो. दुसरा ॲडॅप्टर दोन-तीनशे रुपयांत येतो, आणि राउटर बदलण्याआधी तो बदलून बघणं केव्हाही परवडतं. ॲडॅप्टरला जळका वास येत असेल किंवा हात ठेववत नाही इतका तो तापत असेल, तर लगेच काढा आणि परत लावू नका.

इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस असेल तर दोन्ही डब्या त्यावरच घ्या. एक त्यावर आणि दुसरी साध्या प्लगवर असली, तर लाइट गेल्यावर नेट चालू आहे की बंद, याचा नुसता गोंधळ होतो.

दुसरी तपासणी: लाल दिवा

कंपनीच्या डबीवर ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकू लागला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ. कुठेतरी केबल तुटली आहे, वाकली आहे किंवा कंपनीच्या बाजूला बिघाड आहे. तुमच्या राउटरचा यात काडीचाही संबंध नाही. त्याच्या सेटिंगला हात लावू नका.

एकच बघा. फायबरची बारीक वायर सोफ्याच्या पायाखाली, दाराच्या फटीत किंवा कपाटामागे करकचून वाकली आहे का? तांब्याच्या वायरीसारखी ती दुमडून चालत नाही, कारण तीव्र वळणावर प्रकाश काचेतून बाहेर पडतो. वळण मोकळं करून पाच मिनिटं थांबा. तरीही लाल असेल तर इथेच थांबा आणि कंपनीत तक्रार नोंदवा. हिरवा कनेक्टर काढून फुंकर मारू नका, कपड्याने पुसू नका आणि त्याच्या टोकात डोकावून तर कधीच बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर असतो.

तिसरी तपासणी: वायर आणि भोकं

डबी आणि राउटर यांच्यामधली लॅनची वायर दोन्ही टोकांना काढून परत खोचा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. त्या टोकावरची प्लॅस्टिकची चिमुकली क्लिप बहुतेक ठिकाणी तुटलेली सापडते. वायर भोकात असते, पण सैल. फरशी पुसताना फडका लागला की नेट जातं आणि हलवलं की येतं. टोक रबरबँडने बांधून ठेवलेलंही मी बघितलं आहे. क्लिप तुटली असेल तर वायर बदला. शक्य असेल तर शेजाऱ्याकडून चालू असलेली वायर मागून आणा आणि तिने तपासा.

स्पीड ९४-९५ वर अडकत असेल तर कारण जवळजवळ नक्की इथेच सापडतं. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. दारात चेपून किंवा टोकाशी क्रिंपिंग (तारा टोकात दाबून बसवणं) नीट न झाल्याने त्यातली एक जरी तुटली, तरी दोन्ही डब्या गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. वायर बदलूनही आकडा हलला नाही, तर राउटरचाच पोर्ट (भोक) १०० चा आहे का ते खोक्यावर बघा. स्वस्त राउटरमध्ये तो अजूनही १०० चाच असतो.

आता भोकं. राउटरच्या मागे एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं असतं. बाकीची सगळी ‘लॅन’. वॅन हे बाहेरचं दार आणि लॅन हे घरातलं. डबीकडून येणारी वायर कोणत्या भोकात आहे हे नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच ठरते. दुसरं म्हणजे, एकाच वायरीची दोन्ही टोकं चुकून त्याच राउटरच्या दोन लॅन भोकांत गेलेली नाहीत ना? आवराआवर करताना ‘हे टोक मोकळं दिसतंय’ म्हणून कुणीतरी खोचतं. त्याने नेटवर्कमध्ये गोल तयार होतो, सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरातलं सगळं ठप्प होतं. ते टोक काढलं की मिनिटाभरात सुरळीत.

चौथी तपासणी: नेट नक्की कुठे अडतंय

इथून पुढे मोबाइल डेटा बंद करूनच तपासा. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ‘आता चालतंय की’ असं वाटून आपण फसतो.

लॅपटॉप असेल तर वायरने आधी थेट कंपनीच्या डबीला जोडा. तिथे नेट नसेल तर आपल्या राउटरला दोष देण्यात अर्थ नाही (डबी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता सिग्नल नुसता पुढे देणारी, असेल तर मात्र ही खूण लागू नाही). डबीला जोडल्यावर नेट चालतं आणि आपल्या राउटरला जोडल्यावर बंद होतं, तर बिघाड या दोघांच्या मधे आहे. राउटरला वायरने चालतं पण वायफायवर नाही, तर प्रश्न फक्त वायफायचा. अशा वेळी २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यापैकी एक करून बघा. हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. दाट वस्तीच्या इमारतीत एकाच चॅनलवर दहा-बारा शेजारी असतात.

तिथेच वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनला मिळालेला आयपी पत्ता वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनला कुणीही पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच मनाने घेतला आहे. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर फोन अडकून राहिला तरी अर्थ तोच.

पाचवी तपासणी: वॅनचा पत्ता

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. आपल्या राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडा. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. लॉगिन केलं की ‘स्टेटस’ किंवा ‘नेटवर्क’ असं पान असतं, त्यात ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली एक आयपी पत्ता दिसतो. तो पत्ता काय आहे, त्यावरून पुढचं काम ठरतं.

तिथे ०.०.०.० दिसत असेल तर बाहेरून काहीच मिळालेलं नाही. वायर नीट असेल तर जोडणीचा प्रकार चुकला आहे. डबी स्वतः लॉगिन करत असेल, तर आपल्या राउटरवर ‘डायनॅमिक आयपी’ हवं. डबी ब्रिज मोडमध्ये असेल, किंवा केबलवाल्याची लॅन वायर थेट घरात येत असेल, तर ‘पीपीपीओई’ आणि त्याचं युजरनेम-पासवर्ड लागतं. ब्रिज मोडमध्ये काही कंपन्यांचा व्हीलॅन क्रमांकही भरावा लागतो, तो कंपनीलाच विचारा, अंदाजाने आकडे भरू नका. गावोगावचे छोटे केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता (त्या यंत्राचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) खात्याला बांधून ठेवतात. राउटर नवा आणला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. केबलवाल्याला फोन करून नवा मॅक पत्ता द्या. तो स्टिकरवरच छापलेला असतो.

तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर तो कंपनीच्या डबीने दिलेला आहे. आता तो आपल्या राउटरच्या लॅन पत्त्याशी ताडून बघा. पहिले तीन आकडे तेच असतील, म्हणजे बाहेर १९२.१६८.१.५ आणि आत १९२.१६८.१.१, तर बिघाड सापडला. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच मोहल्ला झाला आहे, त्यामुळे कोणता पत्ता आत आणि कोणता बाहेर हे त्याला ठरवता येत नाही. खासगी, म्हणजे घर-ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी जे पत्ते राखून ठेवलेले आहेत, त्यातले हे १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.१.१ कंपन्यांना इतके आवडीचे, की डबी आणि राउटर दोघांचा पत्ता सारखा निघणं अगदी नेहमीचं. इलाज सोपा आहे: आपल्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा. काही नवे राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता स्वतःच बदलतात. जुन्या पत्त्यावर मग कंपनीच्या डबीचं पान उघडतं, ‘भलतंच पान’ उघडण्याचं हेच कारण.

पत्ता बदलण्याआधी एक काळजी घ्या. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर यांना अनेकदा हाताने पत्ता दिलेला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१००. राउटर ५० च्या घरात गेला की ते जुन्याच घरात राहतात आणि गायब होतात. त्यांच्यात जाऊन ‘ऑटो’ करा आणि राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ मधून त्यांना कायमचा पत्ता द्या. दवाखान्यात रिसेप्शनवरचा प्रिंटर ऐन गर्दीच्या वेळी बंद पडू नये, म्हणून हे काम दवाखाना बंद झाल्यावर करावं.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामध्ये सुरू होत असेल, तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते आहे. नेट वापरायला काही अडचण येत नाही. मात्र बाहेरून डीव्हीआर बघण्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) करत बसलात, तर ते कितीही बरोबर केलं तरी चालणार नाही, कारण दार कंपनीच्या बाजूला बंद आहे. डीव्हीआरच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा किंवा नेट कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पत्ता घ्या.

सहावी तपासणी: पत्ते वाटणारे दोघे

काही फोन चालू, काही बंद, आणि कोणते ते रोज बदलतं, अशी तक्रार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी हे बघा.

राउटरमध्ये डीएचसीपी नावाचं काम चालतं. नवा फोन आला की तो ‘मला पत्ता द्या’ असं ओरडून विचारतो, आणि डीएचसीपी त्याला पत्ता देते. सोबत आणखी एक गोष्ट देते: बाहेर जायचा रस्ता कोणाकडून. आता समजा डबीची वायर आपल्या राउटरच्या वॅनऐवजी लॅन भोकात आहे. दोन्ही डब्या एकाच नेटवर्कवर आल्या आणि डीएचसीपी दोन्हीकडे चालू आहे. फोनने ओरडून विचारलं की जो आधी उत्तर देईल, त्याचा पत्ता लागू. डबीने दिला तर रस्ता डबीकडून, नेट चालू. आपल्या राउटरने दिला तर तो म्हणतो रस्ता माझ्याकडून, आणि त्याच्या वॅनच्या भोकात तर काहीच नाही. रेंज फुल, नेट बंद.

पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. कुठे दोन तास, कुठे एक दिवस. मुदत संपली किंवा फोन बाहेर जाऊन परत आला, की पुन्हा शर्यत. म्हणूनच सकाळी चाललेला फोन दुपारी बंद पडतो आणि वायफाय बंद-चालू केल्यावर कधी सुधारतो, कधी नाही. दोन्ही वायफायची नावं सारखी ठेवलेली असतील, तर हा घोळ ओळखणं आणखी अवघड होतं.

खात्री करायची पद्धत अशी. एक चालू फोन आणि एक बंद फोन शेजारी ठेवा. दोघांच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावाखालचा पत्ता वाचा. दोन वेगळे पत्ते दिसले आणि बंद फोनवरचा पत्ता आपल्या राउटरचा निघाला, तर निदान झालं.

आता ठरवा, घरातलं नेटवर्क कोण चालवणार. रस्ते दोन आहेत.

माझ्या मते बहुतेक घरांसाठी पहिला रस्ता बरा: कंपनीच्या डबीलाच मालक राहू द्या आणि आपल्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. त्याचं काम फक्त वायफाय पसरवणं. सेटिंगमध्ये हा मोड असेल तर एका बटणात होतं. नसेल तर तीन कामं हाताने करा: राउटरचा लॅन पत्ता डबीच्याच घरातला पण वेगळा द्या (डबी १९२.१६८.१.१ असेल तर राउटर १९२.१६८.१.२), मग त्याची डीएचसीपी बंद करा आणि डबीची वायर लॅन भोकात ठेवा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केली तर पत्ता बदलायला राउटरचं पानच उघडणार नाही. असं केल्यावर घरातले सगळे एकाच नेटवर्कवर येतात. फोनला प्रिंटर सापडतो, टीव्हीवर फोनमधलं दिसतं. दोन राउटर एकामागे एक लावलेले असताना प्रिंटर न दिसण्याचं कारण हेच असतं, की फोन एका नेटवर्कवर आणि प्रिंटर दुसऱ्यावर. प्रिंटर शोधण्याची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही.

दुसरा रस्ता, आपला राउटरच मालक. मुलांसाठी वेळेची बंधनं, दुकानात ग्राहकांचं वायफाय वेगळं, किंवा ऑफिसचं व्हीपीएन अशी गरज असेल तर हा घ्या. वायर वॅनच्या भोकात, राउटरचा लॅन पत्ता ५० च्या घरात, आणि कंपनीच्या डबीचं वायफाय बंद, म्हणजे कुणी चुकून त्यावर जाणार नाही. डबी ब्रिज मोडवर टाकता आली तर उत्तमच, पण ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. डबीवर लँडलाइन फोन किंवा टीव्हीचं कनेक्शन असेल तर ब्रिज केल्यावर ते बंद पडणार नाही ना, हे त्याला आधी विचारा.

कोणताही रस्ता निवडा, पण एकच. अर्धं हे आणि अर्धं ते ठेवलं की अडचण परत येते. ठरल्यावर दोन्ही डब्या आणि सगळे फोन एकदा बंद-चालू करा, म्हणजे जुने पत्ते सुटतील.

सातवी तपासणी: पत्ता बरोबर, तरी साइट उघडत नाही

लॅपटॉपच्या कमांड विंडोत पिंग (ping), मग एक मोकळी जागा, मग ८.८.८.८ असं इंग्रजीत लिहून एंटर करा. उत्तरं येतात पण साइट उघडत नाही, तर नावांचे पत्ते शोधणारा डीएनएस अडला आहे. मालक असलेल्या डबीच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. तिथे आधीपासून अनोळखी पत्ता भरलेला दिसला आणि तो कुणी भरला हे घरात कुणालाच माहीत नसेल, तर तो नेट कंपनीचा आहे का हे आधी त्यांना विचारा. नसेल, तर कुणीतरी बाहेरून राउटरमध्ये शिरलं असण्याची शक्यता धरा. ही एकच वेळ, जेव्हा पीपीपीओईची माहिती हाताशी ठेवून आपला राउटर रीसेट करणं योग्य आहे. त्यानंतर लगेच त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ व ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा. २०१८ च्या मे महिन्यात उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं गाठली होती, त्यात घरगुती आणि छोट्या ऑफिसांतले राउटरच जास्त होते.

काही साइट चालतात आणि काही अर्धवट अडकतात, तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचं जास्तीत जास्त माप, बघा. साध्या इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेते, उरतात १४९२. आपल्या राउटरवर पीपीपीओई असेल आणि एमटीयू १५०० भरलेला असेल, तर तो १४९२ करा. लहान मेसेज सहज जातात आणि मोठी पाकिटं वाटेत गळतात, म्हणून व्हॉट्सॲप चालतं आणि फॉर्म भरायची साइट अडकते.

इथे थांबा, माणूस बोलवा

लाल एलओएस, वाकलेली किंवा तुटलेली फायबर, खांबावरची किंवा गच्चीवरची कोणतीही वायर: यात स्वतः उतरू नका. गच्चीवर नेटच्या वायरी विजेच्या तारांशेजारून जातात.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्यानंतर वॅनचा दिवा कोणतीही वायर लावली तरी लागत नाही, पण लॅनचे दिवे लागतात, तर वॅनचा पोर्ट जळला आहे. केबलवाल्याची तांब्याची लॅन वायर गच्चीवरून येते तिथे हे मे-जूनमध्ये नेहमी होतं. सेटिंगने तो परत येणार नाही, राउटर दुरुस्तीच्या दुकानात दाखवा. ॲक्सेस पॉइंट म्हणून तो लॅनच्या भोकातून अजूनही चालू शकतो, त्यामुळे लगेच फेकू नका. पुढच्या वेळी गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर आणि बाहेरून येणारी वायर दोन्ही काढून ठेवा.

पॉनचा दिवा हिरवा आहे, डबी ब्रिज मोडमध्ये नाही, लॅपटॉप थेट डबीला जोडूनही नेट नाही आणि बिल भरलेलं आहे, तर बिघाड कंपनीकडे आहे. तक्रार करताना नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हटलं की ते रीस्टार्ट करायला सांगून फोन ठेवतात. त्यांना असं सांगा: एलओएस बंद आहे, पॉन स्थिर आहे, लॅपटॉप वायरने थेट डबीला लावून बघितला आहे, वॅनला पत्ता मिळत नाही किंवा लॉगिन नाकारलं जातंय. आणि माणूस आला की त्याला फायबरची पॉवर मीटरवर मोजायला सांगा. आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर जोड किंवा कनेक्टर बदलल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका, कारण तेवढ्या पॉवरवर नेट आज चालू होतं आणि पुन्हा तुटत राहतं.